तळाचं वेड

समुद्र फैजपूरला येत नाही, पण फैजपूर थोडं थोडं समुद्राला जाऊन मिळतं. सातपुड्यावरून उतरलेलं पाणी तापीत जातं आणि तापी सुरतेपुढे अरबी समुद्रात. केळीच्या बागांत वाढलेल्या माणसाला स्कूबाचं वेड कसं लागलं, असं विचारणाऱ्यांना मी हीच वाट सांगतो.

वेडाची सुरुवात मात्र विहिरीतली. पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो. डबा सुटला आणि तळ खुणावू लागला. कुणाची कळशी विहिरीत पडली की आधी गळ टाकत. गळाला लागली नाही तर बुडी मारणाऱ्याला बोलावणं जाई. तो दम धरून खाली जायचा आणि कधी कधी भलतीच, घरच्यांनी केव्हाच विसरलेली कळशी घेऊन वर यायचा. आम्ही काठावर ओणवे होऊन बघत राहायचो. हरवलेलं सगळं कुठेतरी खाली शाबूत असतं, हे तेव्हा मनात बसलं ते बसलंच.

पुढे तारकर्लीला पाठीवर सिलिंडर आलं. दहा मीटर उतरलं की दाब दुप्पट होतो. नाक दाबून कान मोकळे करत जावं लागतं. लाल रंग सर्वांत आधी विझतो, मग सगळं निळंहिरवं. उभा जन्म होडीवर आणि होडीखाली घालवलेला आमचा तांडेल दर वेळी एकच बजावतो, "वर येताना घाई करू नको हां!" पाचेक मीटरवर तीन मिनिटं नुसतं थांबायचं. रक्तात विरलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडू द्यायचा. खाली जायला धाडस पुरतं. वर यायला संयम लागतो.

गोव्यात ग्रँड आयलंडजवळ बुडालेल्या जुन्या बोटीचे अवशेष आहेत. गंजलेल्या पत्र्यांवर शिंपल्यांची पुटं, सांदीत माशांचे संसार. जहाजाचं मरण इतकं गजबजलेलं असू शकतं! म्हणूनच नौदलातून १२ जानेवारी २०२४ रोजी निवृत्त झालेली 'गुलदार' निवतीच्या समुद्रात बुडवून माशांना घर आणि पाणबुड्यांना संग्रहालय करायचं ठरलं, तेव्हा मला आनंद झाला. पोलंडमध्ये बांधलेली, ३० डिसेंबर १९८५ला नौदलात आलेली ही युद्धनौका. भंगारात तुकडे होण्यापेक्षा हा शेवट कितीतरी बरा.

हौशी पाणबुड्याची मर्यादा चाळीस मीटर. त्याखाली जाऊ नये, असं शास्त्र सांगतं आणि आम्ही मुकाट ऐकतो. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात पाण्याच्या शोधात त्याहून कितीतरी खोल बोअर गेले आहेत, आणि पोहण्याच्या विहिरी कोरड्या पडल्या आहेत. जमिनीखाली उतरतानाही कुठे थांबायचं, हे आता आपणच ठरवायला हवं.