परतवारी

आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला झाला की पंढरपुरात एकच घाई उडते. ट्रकवर तंबूच्या काठ्या, पातेली, वळकट्या चढतात. एसटी स्टँडवर पाय ठेवायला जागा उरत नाही. ‘माउली, चला की आमच्या गाडीत,’ असं दरवर्षी कुणीतरी म्हणतंच. मी हसते आणि पिशवी खांद्याला अडकवते. मधली २०२० आणि २०२१ सोडली, करोनामुळे ज्ञानेश्वर माउलींच्या पादुका एसटीने गेल्या ती, तर बावीस वर्षं मी आळंदीहून पंढरपूरला चालते आहे. त्यातली शेवटची सात वर्षं परतही चालत येते. पालखी माघारी पायीच जाते, हे कित्येकांच्या गावीही नसतं.

जातानाचं चालणं आपलं नसतंच. पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, वीणेकरी आणि शेवटी तुळस घेतलेल्या आम्ही बाया. सोहळ्याची ही घडी बसवणारे हैबतबाबा आरफळकर शिंद्यांच्या पदरी सरदार होते म्हणतात. सोहळ्याची शिस्त पाहिली की ते पटतं. पाऊल टाळावर पडायचं, पुढचा थांबला की थांबायचं. पहिल्या वर्षी मी तोऱ्यात होते. रोज शेतावर पायी जाणारी बाई, मला काय अवघड! पण भराभर चालणं सोपं असतं, रेंगाळत चालणं माणसाला मोडतं. अर्धं पाऊल टाकलं की उभं राहायचं, परत अर्धं. संध्याकाळी पोटऱ्यांचे दगड. डोक्यावर वृंदावन, त्यामुळे मान ताठ, नजर समोर. खड्डा पायालाच कळावा लागतो. शेजारच्या आजीने सासवडलाच बजावलं होतं, ‘टाच आधी टेकव गं, चवड्यावर चालशील तर नीरेच्या आत फोड येतील.’ आले, वाल्ह्यालाच. तिनेच सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढला आणि दोरा तसाच ठेवला, पाणी झिरपून जातं आणि कातडं निघत नाही म्हणून. डॉक्टर यावर चिडतात. मी त्यांचं एवढंच ऐकलंय की सुई-दोरा आधी उकळून घेते.

परतताना सगळं उलटं. अठराएक दिवसांची वाट दहाएक दिवसांत उरकायची. जाताना फलटण, बरड, नातेपुते असे मुक्काम. येताना नातेपुत्याहून एका दमात फलटण. माणसं थोडी, वाहतूक चालू, ट्रक कानाजवळून जातात. रस्ता रुंद झाला तसे जुने वड गेले, आणि दुपारी बारानंतर डांबर चपलेतून भाजतं. ज्या गावात पंधरवड्यापूर्वी रांगोळ्या होत्या, लोक पाया पडत होते, केळी हातात कोंबत होते, तिथला दुकानदार आता मानही वर करत नाही. चहाचे पैसे द्यावे लागतात. मला हे आवडतं, खरं सांगायचं तर. जाताना इतकी माणसं पाया पडतात की आपण कुणीतरी आहोत असं वाटू लागतं. ते लोणंदपर्यंत उतरून जातं.

दिवेघाट मात्र उतरतानाच कठीण. चढताना पालखीच्या रथाला जादा बैलजोड्या लावतात, आपल्यालाही मागून गर्दीचा रेटा असतो. उतरताना गुडघेच काय ते आपले. बोटं चपलेच्या पुढच्या कडेवर आपटतात, अंगठ्याची नखं काळी पडतात. म्हणून मी अर्धा नंबर मोठी चप्पल घेते आणि नागमोडी उतरते. गेल्या वर्षी अशीच एकटी मागे राहिले होते. टाळ ऐकू येत नव्हते, तरी पावलं पडत होती ती त्याच ठेक्यात.

वर चढणारा एक मोटारसायकलवाला थांबला. ‘आजी, वाट चुकलात जणू. पंढरपूर तिकडं हाय.’

‘हो रे बाबा,’ म्हटलं आणि खाली उतरत राहिले.