चोवीस इंची

सायकल ही बसण्याची वस्तू आहे, हे मला बरेच उशिरा कळले. लहानपणी माझी अशी प्रामाणिक समजूत होती की, ती बघण्याची वस्तू आहे. याला कारण अप्पांची सायकल. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात दिंडीदरवाजातून आत शिरले की, डाव्या हाताला भिंतीशी ती उभी असे. काळी हर्क्युलिस, २८ इंची चाके आणि २४ इंची फ्रेम. अप्पा सहा फुटांना अर्धा इंच कमी. त्यांना २२ इंची पुरली नसती. सकाळी साडेनऊला उजव्या पँटला क्लिप लावून ते टांग मारीत आणि कॅम्पातल्या कचेरीकडे निघत. पण मला आठवते ती त्यांच्यासकट निघालेली सायकल नव्हे. मला आठवते ती रविवारची, नुकती पुसून ठेवलेली, एकटी. तिची आडवी नळी फरशीशी अशी समांतर होती की आई म्हणे, "हिच्यावर पाण्याचा तांब्या ठेवला तरी हलायचा नाही."

तिच्या शेजारीच नानाकाकांची सायकल असे. काका पाच फूट दोन इंच. त्यांची फ्रेम २० इंची. चाके मात्र तीच, २८ इंचांची. आता गंमत पाहा. दोन्ही सायकली काळ्या, दोहोंची घंटी एकाच दुकानातली. पण एकीकडे बघताना मान आपोआप ताठ होई आणि दुसरीकडे बघून हसू येई. काकांच्या सायकलीचे मधले अंग आखडून गेलेले आणि पुढेमागे ती दोन भलीमोठी चाके. बापाच्या वहाणा घालून अंगणात निघालेल्या पोरासारखी ती दिसे. हे मी एकदा काकांच्या देखत बोलून गेले. ते हसले, काकूंनी मात्र मला त्या दिवशी चकली दिली नाही.

सायकल मी शिकले तीही अप्पांच्या २४ इंचीवरच. परकराचा काचा मारून, नळीखालून पाय घालून, हाफ पायडल. अर्धी मी सायकलच्या अल्याड, अर्धी पल्याड. पडले किती वेळा, त्याची गणती नाही. पण पडून उठताना आधी सायकलीकडे बघायचे आणि मग गुडघ्याकडे, अशी माझी पद्धत होती.

१९६७ साली मी चित्रकलेच्या वर्गाला जाऊ लागले. वाड्यापासून दोन-अडीच मैलांची वाट. एका संध्याकाळी अप्पा कचेरीतून आले ते दोन सायकलींसह. एकीवर स्वतः आणि दुसरी उजव्या हाताने धरून सोबत चालवीत आणलेली. नवी कोरी, २० इंची, मुलींची. मी तोपर्यंत जेवढी वाढायची तेवढी वाढून चुकले होते, म्हणजे पाच फूट. अप्पांनी माप बरोबर आणले होते. मी सायकलीभोवती एक फेरी मारली आणि म्हटले, "किती बुटकी दिसते ही!"

अप्पा एवढेच म्हणाले, "बरं." दुसऱ्या दिवशी त्यांनी ती दुकानात परत केली. पुरते पैसे काही परत आले नसणार. किती बुडाले, हे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. वर्षभर मी वर्गाला पायी गेले. त्या वेळच्या पुण्यात सगळे गाव सायकलवर, आणि मी आपली लकडी पुलावरून ड्रॉइंग बोर्ड काखेत मारून चालते आहे! मला त्यात मोठा बाणेदारपणा वाटे.

पुढे मी चित्रकलेची शिक्षिका झाले आणि ३३ वर्षे मुलांना चित्रे काढायला शिकवली. दर वर्षी एक दिवस मी सायकल काढायला सांगत असे, तीही न बघता. अनुभव घेऊन पाहा. घरातल्या शहाण्यासुरत्या माणसाला पाटीवर सायकल काढायला लावा. कोणी साखळी पुढच्या चाकाला लावतो, कोणी दोन्ही चाके एका नळीने जोडून टाकतो. मग हँडल वळायचे कसे? मी फळ्यावर आधी दोन वर्तुळे काढी आणि म्हणे, "यांच्या मध्ये आता एक शंकरपाळे बसवा." सायकलची फ्रेम म्हणजे शंकरपाळेच, आणि सगळी शोभा ते नीट कापले गेले आहे की नाही यावर.

फ्रेमचे माप म्हणजे पायडलांच्या आसापासून सीटच्या नळीच्या वरच्या तोंडापर्यंतचे अंतर. रेसच्या सायकलीत ते सेंटिमीटरमध्ये सांगतात. ४८, ५२, ५६, ६०. माणूस उंच, तर माप मोठे. चाक मात्र मापाबरोबर बदलत नाही. जगभर या सायकलींना एकच चाक रूढ होऊन बसले आहे, त्याला ७०० सी म्हणतात. रिमवर टायर बसतो तिथे त्याचा व्यास ६२२ मिलिमीटर. सहा फुटी गड्याला तेच आणि पाच फुटी पोरीलाही तेच. शिंप्याने सदरा मापाने बेतावा आणि कॉलर मात्र सगळ्यांना १६ इंची लावावी, त्यातला प्रकार.

५६-५८ च्या फ्रेममध्ये हे सारे जमून येते. सीटची नळी आणि हँडलखालची नळी, दोन्ही ७३ अंशांच्या आसपास मागे कललेल्या, म्हणजे एकमेकींना समांतर. हँडलखालची नळी वितीला थोडी कमी. तिच्या वरच्या टोकाला आडवी नळी येऊन मिळते, खालच्या टोकाला तिरपी. दोघींच्या मध्ये मोकळी जागा राहते. आता हीच फ्रेम ४८ वर आणा. हँडलखालची नळी जेमतेम चार बोटांची उरते. आडवी आणि तिरपी एकमेकींना भिडतात. शंकरपाळ्याचा एक कोपरा, कातणे घसरावे तसा, मिटून जातो. शिवाय पायडल मारताना बुटाचे टोक पुढच्या चाकाला लागू नये म्हणून हँडलखालची नळी जास्त कलती करावी लागते आणि मधले अंतर कमी करण्यासाठी सीटची नळी जास्त उभी. समांतरपणा गेला! डोळ्याला कुठेतरी टोचते, पण काय टोचते ते सांगता येत नाही. अतिमोठी फ्रेमही सुंदर नसते, हे न्यायाने सांगायला हवे. ६४ ची फ्रेम म्हणजे बंगल्याचे फाटक.

जुन्या शर्यतींचे फोटो मी हौसेने जमवले आहेत. एडी मर्क्सने १९७२ साली मेक्सिको शहरात तासाभरात ४९.४३१ किलोमीटर अंतर तोडले. ती सायकल एर्नेस्तो कोल्नागोने बांधली होती आणि आज ती ब्रुसेल्समध्ये मर्क्सच्याच नावाच्या मेट्रो स्थानकात ठेवलेली आहे. त्या काळच्या रस्त्यावरच्या सायकली पाहिल्या तर आडवी नळी खरोखर आडवी आणि सीटखालची दांडी मूठभर दिसणारी. गवयाच्या कोटाच्या बाहीतून सदऱ्याची पट्टी दिसावी, तेवढीच. पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीस माइक बरोज नावाच्या इंग्रज माणसाने तैवानच्या जायंट कंपनीसाठी आडवी नळी मागे उतरती केली. फ्रेम हलकी झाली, आणि दहा-बारा मापांचे काम तीन-चार मापांत भागू लागले. सीटची दांडी मात्र वीतभर बाहेर आली. पाटलोण आखूड झालेल्या मुलासारखी ती मला अजून वाटते. आता सगळ्याच सायकली थोड्याफार तशा असतात, आणि माझे कोण ऐकतो?

ऐकणारी एक निघाली. माझी नात मनू. तीही पाच फूट. हा वारसा माझा. रविवारी पहाटे मैत्रिणींबरोबर सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जायचे म्हणून तिला रेसची सायकल हवी होती. ओळखीत दोन जुन्या विकायच्या होत्या. एक ४४ ची, एक ५२ ची. "आजी, तू चल. तुला त्यातलं कळतं," असे म्हणून ती मला घेऊन गेली. मला त्यातले कळते, हे वाक्य या वयात ऐकायला मिळाले की माणूस काहीही बोलून जातो. ४४ च्या सायकलीकडे मी पाहिले. चाके केवढी, अंग केवढे! तोंडातून शब्द गेले, "ही कशी आखडल्यासारखी दिसते गं. घ्यायची तर ती दुसरी." ती दुसरी निळी होती आणि खरोखर देखणी होती. मनूने तीच घेतली.

तीन महिने तिची मान दुखत होती. हँडल लांब पडे. हातांना मुंग्या येत. सीट खाली केली, पुढे सरकवली, हँडलचा आखूड तुकडा बसवला. सायकल भिंतीला टेकवून ठेवली की अजूनही सुंदर दिसे. मी येताजाता तिच्याकडे बघत असे. मग नोव्हेंबर २०२३ मध्ये सिग्नलला पुढची बस अचानक थांबली. मनूने ब्रेक दाबला, सीटवरून पुढे उतरली. पण नळी आधी आली आणि पाय जमिनीला पोचलाच नाही. ती डावीकडे, फुटपाथच्या बाजूला पडली, हे नशीब. मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर.

मी तिला भात कालवून भरवत होते. मध्येच ती म्हणाली, "आजी, एक विचारू? ती छोटी सायकल बुटकी दिसत होती, की तिच्यावर बसून मी बुटकी दिसेन असं तुला वाटलं?"

मी म्हटले, "आधी घास गीळ."

त्या रात्री मला झोप आली नाही. उजव्या हाताने सायकल सांभाळीत आलेले अप्पा सारखे डोळ्यांसमोर येत होते. अप्पा १९९४ साली गेले. त्याआधी सत्तावीस वर्षे रोज संधी होती, एकदा विचारायची की त्या सायकलीचे किती बुडाले.

सकाळी उठून मी कागद घेतला आणि निळी सायकल मापाने काढली, दहास एक. छान उतरली. मग तिच्यावर मनू काढली, तीही मापानेच. आणि चित्र पार बिघडले. वरच्या फळीवरचा लाडवांचा डबा काढायला निघालेल्या पोरासारखे तिचे हात ताणलेले, मान वर मोडलेली. खाली ४४ ची काढली आणि तिच्यावर मनू बसवली. पाठ सैल, कोपर किंचित वाकलेले, गुडघा जिथे हवा तिथे. आखडलेले काहीच दिसेना. ३३ वर्षे मी मुलांना सायकल काढायला लावली. तिच्यावर माणूस काढा, असे एकदाही म्हटले नाही.

तरीही ती मोठी चाके मला खटकतच होती, हे लपवणार नाही. ते खटकणे खोटे नव्हते, असे पुढे कळले. अमेरिकेत जॉर्जिना टेरी नावाच्या इंजिनियर बाईंनी १९८० च्या दशकातच बुटक्या बायकांसाठी पुढचे चाक लहान घालून सायकली बांधल्या होत्या. मोठ्या शर्यतींच्या नियमात अशी लहानमोठी चाके बसत नाहीत. तिथे दोन्ही सारखी लागतात. पण टायरसकट ५५ ते ७० सेंटिमीटरपर्यंत कितीही चालतात! म्हणजे नियम आड येत नव्हता. आड येत होती सवय, आणि एकाच मापाच्या टायरट्यूबची सोय. लहान मापाला ६५० चे चाक घालणारे कारखाने थोडे का होईना, आहेत. त्याच्या रिमचा व्यास ५८४. फरक जेमतेम दोन बोटांचा. मी तसे चित्र काढून पाहिले, आणि शंकरपाळे पुन्हा दोन वर्तुळांच्या मध्ये नीट बसले.

मनूने हात बरा झाल्यावर निळी विकली. या खेपेस मला कोणी बोलावले नाही. तिने भिंतीशी उभे राहून, पायांत वही धरून, आपले माप आपणच घेतले आणि महिना-दीड महिना शोधून तसली लहान चाकांची सायकल आणली. रंग मला न आवडणारा, राखाडी. नळी उतरती. सीटची दांडी वीतभर बाहेर.

खाली पार्किंगमध्ये तिने ती माझ्या हाती दिली आणि हेल्मेट आणायला वर गेली. मी एकटीच होते. पंजाबी ड्रेस घातलेला होता. सायकल जराशी माझ्याकडे कलती केली, पाय पलीकडे टाकला आणि तिला सरळ उभी केली. नळी मध्ये आली नाही. दोन्ही टाचा फरशीला टेकल्या होत्या. जिन्यावरून मनू ओरडली, "आजी, ब्रेक धर हं!"

मी ब्रेक धरला.