पाहणाऱ्याची तयारी

शर्यतीत उतरणाऱ्याने वर्षभर तयारी करावी, हे सर्वांना मान्य असते. शर्यत पाहणाऱ्यालाही तयारी लागते, हे आम्हां उभयतांना साठीनंतर कळले. ७ जुलै २०२४ रोजी जर्मनीत, बव्हेरियातील रोट येथे आमचा मुलगा दीर्घ अंतराच्या ट्रायथलॉनमध्ये उतरणार होता. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल, ४२.२ किलोमीटर धावणे आणि या साऱ्यासाठी १५ तासांची मुदत. आदल्या रात्री, त्याच्या न्यूर्नबर्गच्या घरी, आम्ही नकाशा आणि पेन्सिल घेऊन बसलो.

प्रथमच लक्षात आले की अशा शर्यतीत बसून पाहण्यासारखे मैदान नसते. पोहणे हिल्पोल्टश्टाइनजवळच्या माइन-डॅन्यूब कालव्यात, सायकलीच्या दोन फेऱ्या गावोगावच्या रस्त्यांवरून, शेवट रोटमध्ये. रस्ते बंद असल्याने मोटारीचा उपयोग नाही. म्हणून सकाळी कालव्याचा काठ, तेथून पायी सोलार टेकडीचा चढ, मग ग्रेडलबान या छोट्या आगगाडीने रोट, असा बेत ठरला. तो सव्वासातच्या सुमारास पाण्यात उतरणार. टेकडीवर पावणेबाराला आणि पुन्हा सव्वातीनला दिसणार. रात्री साडेनऊपर्यंत पोचणार. बेरीज केली, तेव्हा साऱ्या दिवसात मिळून तो आम्हांला जेमतेम पाच मिनिटे दिसणार होता. उरलेला दिवस वाट पाहण्याचा.

सौ.ने पुण्याहून डिंकाचे लाडू आणले होते. ते वाटेत देता येणार नाहीत, असे मुलाने सांगितले. स्पर्धकाने बाहेरच्या माणसाकडून खाणे, पाणी वा अन्य मदत घ्यायची नाही, असा नियम आहे. त्याच दिवसांत पंढरीच्या वाटेवर पालख्या होत्या. तेथे वाटेकडेला उभा राहणारा निदान तांब्याभर पाणी तरी देतो. येथे तेही नाही. मग आम्ही जाऊन करायचे काय? मुलाने मात्र एकच विचारले, "तुम्ही नेमके कुठे उभे असाल?"

हा प्रश्न आम्हांला लागला. त्याच्या शाळेत आम्ही निकालाच्या दिवशी न चुकता जात असू. क्रीडादिनाला मात्र कधी कचेरी आड आली, कधी पाहुणे. त्याने तक्रार केली नाही, विचारणेच सोडून दिले होते. आम्ही नकाशावर खूण केली: टेकडीच्या चढावर, डाव्या हाताला.

सकाळी त्या चढावर एवढी दाटी होती, की सायकलस्वारांना एकामागून एक जाण्यापुरतीच वाट उरे. पहिल्या फेरीत तो वेळेवर आला, हसला, गेला. दुपारी गर्दी रोटकडे ओसरू लागली. माग्नुस डिटलेव्ह याने ७ तास २३ मिनिटे २४ सेकंदांत शर्यत जिंकली. पाठोपाठ आनं हाउग हिने ८ तास २ मिनिटे ३८ सेकंदांत महिलांमध्ये या अंतराची जागतिक सर्वोत्तम वेळ नोंदवल्याची वार्ता आसपासच्या फोनांवर आली. सव्वातीन झाले, साडेतीन झाले. मुलाचा पत्ता नव्हता. पायात गोळा आला असेल? पडला असेल? गाडी चुकली तर रोटला त्याचे धावणे सुरू होताना दिसणार नाही, म्हणून निघावे, असे आमच्यापैकी एकाने सुचवलेही. दुसऱ्याने नुसती मान हलवली.

पावणेचार उलटून गेल्यावर तो चढावर दिसला. चेहरा उतरलेला होता. आम्ही हाक मारण्यापूर्वीच त्याची नजर डावी कड चाचपत येत होती. आम्ही दिसताच ती थांबली. तो काही बोलला नाही, आम्हीही ओरडायचे विसरलो.

रोटला तो दहाच्या सुमारास, मुदतीला जेमतेम पाव तास उरला असताना पोचला. नियम आता संपले होते. लाडूचा डबा उघडला. दुसरा लाडू हातात घेताना तो म्हणाला, "दुसऱ्या फेरीला वाटलं होतं, तुम्ही गेला असाल."

त्याला तसे वाटले यात त्याची चूक नव्हती. ते वाटणे आम्हीच त्याला शिकवले होते.