गाठ गेली, शेजार राहिला

"डॉक्टर, गाठ तर काढून टाकली. आता एखादी सुपारी खाल्ली तर काय बिघडतं? तंबाखू तर सोडलाय."

गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या एका काकांनी मला हे विचारलं. पूर्वी अशा प्रश्नावर मी चिडायचो. आता नाही. कॅन्सर म्हणजे एक बिघडलेली पेशी, ती काढली की संपलं, असं शिकत असताना मलाही वाटायचं. तुम्हालाही वाटत असेल.

पण पेशी एकटी राहत नाही. चाळीतल्या बिऱ्हाडासारखा तिला शेजार असतो. निरोगी शेजारणी एकमेकींना धरून असतात, रासायनिक निरोप पाठवतात, जागा भरली की वाढ थांबवायला लावतात. 1984 साली मीना बिसेल आणि त्यांच्या सहकाऱ्याने एक प्रयोग प्रसिद्ध केला. कोंबडीला गाठ आणणारा विषाणू त्यांनी अंड्यातल्या गर्भाला टोचला. गाठ झालीच नाही. त्याच पेशी सुट्या करून काचेच्या बशीत वाढवल्या, तर त्या बिघडल्या. विषाणू तोच, फक्त शेजार तुटला होता.

आता सुपारीकडे येऊ. सुपारीमुळे गालाच्या अस्तराखाली तंतू साठतात, तो भाग कडक होतो, तोंड उघडेनासं होतं. सतत दाह राहतो. म्हणजे आवर घालणारा शेजारच बिघडतो. आणि हे गाठीपुरतं नसतं. गाठीभोवतीचं वरवर चांगलं दिसणारं अस्तरही बदललेलं असतं, हे 1953 पासून माहीत आहे. म्हणूनच एक गाठ काढल्यावर त्याच तोंडात दुसरी होऊ शकते. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कॅन्सर करते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये जाहीर केलं आहे.

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे तुम्ही घर पाडलंत, गल्ली तशीच आहे."

अगदी बरोबर! ती गल्ली माझ्या सुरीने सुधारत नाही. कडक झालेला गाल पूर्ववत होईल, असं वचनही मी देत नाही. पण सुपारी थांबवली की रोजची नवी इजा थांबते आणि धोका हळूहळू कमी होत जातो.

तुम्ही आज आरशासमोर तोंड उघडून बघा. आपलीच तीन बोटं उभी आत जातात का? पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का? शंका आली तर लगेच डॉक्टरांना दाखवा.