बोस्टनचा अख्तरलोनी

दिल्लीत हौज काझीच्या चौकात लाल दगडाची एक छोटी मशीद आहे. मुबारक बेगमनं ती १८२३ साली बांधवली. २०२०च्या जुलैत धो धो पाऊस झाला, तेव्हा तिचा एक घुमट कोसळला. ही बेगम मूळची पुण्याची, ब्राह्मण घरातली दासी, पुढं मुसलमान झालेली, असं सांगतात. तिच्या साहेबानं आपल्या इच्छापत्रात तिच्या नावाला 'मराठीण' या अर्थाचं बिरुद जोडलंय. आणि या साहेबाचा, डेव्हिड ऑक्टरलोनीचा, जन्म बोस्टनचा.

कंपनी सरकारच्या फौजेचा अभ्यास हा माझा धंदा. 'दिल्लीचा पहिला इंग्रज रेसिडेंट अमेरिकन होता' असं व्याख्यानात म्हटलं की पेंगणारी मंडळी ताठ बसतात. त्या मोहापायी मीही ते वाक्य पुष्कळदा वापरलंय. आता टाळतो. ऑक्टरलोनी १७५८ साली जन्मला तेव्हा अमेरिका हा देशच नव्हता. बोस्टन इंग्लंडच्या राजाचं होतं. बाप जहाजाचा कप्तान, तो लवकर वारला. आईनं इंग्लंडात जाऊन दुसरं लग्न केलं. १७७७ साली पोरगा कॅडेट म्हणून बंगालच्या फौजेत आला, तेव्हा स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला जेमतेम वर्ष झालं होतं. अमेरिकेत इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसनं यॉर्कटाउनला शस्त्रं खाली ठेवली त्या सुमारास हा दक्षिणेत हैदरअलीशी लढत होता. १७८३ साली कडलूरला जखमी होऊन कैदेतही पडला. खरा अमेरिकन म्हणायचा तो जॉन पार्कर बॉइड. त्यानं निजामाची चाकरी केली, होळकरांची केली, मग घरी परतून १८१२च्या युद्धात इंग्रजांशीच लढला. ऑक्टरलोनी परतला नाही.

आपल्याला तो माहीत असायला हवा १८०४च्या ऑक्टोबरसाठी. यशवंतराव होळकरांनी घोडदळ इंग्रज सरसेनापती लॉर्ड लेकच्या समोर मथुरेकडे नाचवत ठेवलं आणि पायदळ-तोफा गुपचूप दिल्लीवर पाठवल्या. आंधळा बादशहा शाह आलम हाती आला असता तर सगळा डावच उलटला असता. तट पडके, शिपाई मोजके. तरी ऑक्टरलोनी आणि कर्नल बर्न यांनी आठवडाभर शहर धरून ठेवलं, तेवढ्यात लेक जवळ येऊन ठेपला. आपल्याकडे या मोहिमेच्या अपयशाचं खापर होळकरांच्या चुकांवर फोडतात. मला वाटतं, डाव उत्तम होता. तटावरचा माणूस चिवट निघाला.

कंपनीनं दोनच वर्षांत त्याला तिथून हलवलं. पुढं नेपाळच्या युद्धात इतर सेनापती मार खात असताना यानं मलौनला गोरखा सेनापती अमरसिंह थापांना नमवलं, तेव्हा कुठं बॅरोनेट झाला. दिल्लीकर त्याला 'अख्तरलोनी' म्हणत. हुक्का, पागोटं, नाच, तेरा बायका तेरा हत्तींवर. या शेवटच्या गोष्टीवर माझा फारसा विश्वास नाही.

१८२५ साली भरतपूरच्या बालराजाची गादी बळकावली गेली. ऑक्टरलोनीनं फौज हलवली, गव्हर्नर जनरल अ‍ॅम्हर्स्टनं ती मागं फिरवायला लावली. अठ्ठेचाळीस वर्षांच्या नोकरीनंतर हा अपमान. म्हाताऱ्यानं राजीनामा दिला आणि जुलैत मेरठला डोळे मिटले. सहा महिन्यांत इंग्रजांनी तेच भरतपूर लढून घेतलं. कलकत्त्यातला त्याच्या नावाचा उंच मनोरा १९६९पासून शहीद मिनार झालाय.

दिल्लीला गेलात तर चावडी बाजार मेट्रो स्थानकातून बाहेर पडा आणि वर बघा. खाली दुकानं आहेत, बेगमची ती मशीद वरच्या मजल्यावर.