बारा दिवस आणि दिशांची मर्यादा

नाशिकहून पेठकडे निघालेल्या माणसाला अंतराचा हिशोब नव्याने शिकावा लागतो. नकाशावर हे अंतर जेमतेम पंचावन्न किलोमीटर भरते. पण वाटेत सावळघाट आहे, पुढे कोटंबीचा घाट आहे, आणि आषाढात दोन्ही घाटांवर धुके उतरले की पंचावन्न किलोमीटर या आकड्याला काही अर्थ उरत नाही. म्हणून जुना व्यापारी ‘पेठ किती लांब’ असे विचारीत नाही. ‘माल किती वाजता पोहोचेल’ असे विचारतो. सह्याद्रीच्या माथ्यावरचे हे तालुक्याचे गाव ब्रिटिश काळात एका लहानशा संस्थानचे ठिकाण होते. आजही पुढची वाट कपराडा आणि धरमपूरकडे, म्हणजे गुजरातेत उतरते. भात, नागली आणि खुरासणी पिकवणाऱ्या आदिवासी पाड्यांची खरेदी येथे होते, आणि गावाचे नावच बाजाराचे आहे.

अशा गावातील एखादे जैन व्यापारी कुटुंब परदेशप्रवासाचा विचार करू लागले की पहिली अडचण पैशाची नसते, दिवसांची असते. दुकान हे रजेचा अर्ज करून सोडता येत नाही. मृगाच्या आधी बियाणे, खते, प्लास्टिकचा कागद, दोरखंड आणि छत्र्या भरून ठेवाव्या लागतात. पावसाळा लागला की चातुर्मास येतो, आणि धर्मप्रेमी घरात त्या चार महिन्यांत दूरचा प्रवास सहसा आखला जात नाही. दिवाळीची शाळेची सुट्टी मोहाची वाटते. पण ती चातुर्मासातच येते, आणि भगवान महावीरांच्या निर्वाण कल्याणकाचे दिवस घरी व मंदिरात घालवावेत अशीच बहुतेक वडीलधाऱ्यांची इच्छा असते. राहतो तो काळ चैत्री ओळी आणि महावीर जन्मकल्याणकानंतरचा. त्यातही लग्नसराईची विक्री, कोणाच्या वर्षीतपाचे पारणे आणि मुलांच्या परीक्षा वजा केल्या, तर सलग बारा दिवस हाती लागणे हीच मोठी गोष्ट ठरते.

या बारा दिवसांत सामान्यतः जी यादी तयार होते ती सर्वांच्या परिचयाची आहे. धाकट्यांना स्वित्झर्लंडचा बर्फ हवा असतो, सुनेला पॅरिस पाहायचे असते, मुलाला लंडन. आजीला मात्र लेस्टरचे जैन मंदिर आणि अँटवर्पचे देरासर यांचे दर्शन घ्यावयाचे असते. कोणाचेही मन मोडू नये म्हणून पाचही मुक्काम यादीत राहतात. येथेच व्यापाऱ्याने व्यापाऱ्याची दृष्टी वापरावी. धान्याचे पोते उतरवून घेताना तो घट धरतो. प्रवासाचे दिवस मोजताना मात्र घट धरायला विसरतो.

हिशोब असा आहे. पहिल्या दिवशी सकाळी पेठ सोडले, तर नाशिकमार्गे मुंबईचा विमानतळ गाठण्यात दिवस जातो. रात्रीच्या विमानाने दुसऱ्या दिवशी लंडन येते. तेथील उन्हाळी वेळ भारताच्या साडेचार तास मागे असते, त्यामुळे तो दिवस शरीराला सावरण्यात संपतो. अकराव्या दिवशी परतीचे विमान आणि बाराव्या दिवशी मुंबईहून घाट चढून घर. बारा दिवसांतून चार गेले, राहिले आठ. आता प्रत्येक मुक्काम बदलताना सामान बांधणे, स्थानक गाठणे, नव्या ठिकाणी खोली मिळेपर्यंत थांबणे यांत कमीत कमी अर्धा दिवस जातो. पाच मुक्काम म्हणजे चार वेळा स्थलांतर, म्हणजे आणखी दोन दिवसांची घट. उरलेले सहा दिवस पाच ठिकाणी वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला एका दिवसाहून थोडेसेच अधिक येते. त्यात दर्शन होत नाही, हजेरी लागते.

हाच हिशोब दोन मुक्कामांचा करून पाहावा. लंडनला पाच रात्री आणि अँटवर्पला चार. स्थलांतर एकदाच, घट अर्ध्या दिवसाची, हाती साडेसात दिवस. विमानाचे तिकीट लंडनला उतरण्याचे आणि ब्रुसेल्सहून परतण्याचे काढले, की उलट पावली लंडनला जाण्याची गरज राहत नाही. मुक्काम दोनच असले तरी पाहणे दोनच गावांचे होते असे नाही. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकातून लेस्टरला रेल्वेने साधारण सव्वा तास लागतो. सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येते. सामान खोलीवरच राहते, हा या पद्धतीचा मोठा लाभ.

लेस्टरच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील जैन केंद्र ही एका जुन्या चर्चची वास्तू आहे. 1988 साली तेथे प्रतिष्ठा झाली. भारतातून नेलेल्या कोरीव दगडाने तिचे दर्शनी रूप बदलले आणि रंगीत काचांच्या खिडक्यांवर भगवान महावीरांचे जीवन आले. त्याहून महत्त्वाचे असे की एकाच छपराखाली श्वेतांबर आणि दिगंबर मंदिरे, स्थानकवासी उपाश्रय आणि श्रीमद् राजचंद्र ज्ञानमंदिर आहे. आपल्याकडे ज्या गोष्टींसाठी गावोगाव वेगवेगळ्या वास्तू उभ्या राहिल्या, त्या परदेशात संख्येने थोड्या असलेल्या माणसांनी एकत्र आणल्या. घरातील मुलांनी बर्फ पाहण्याआधी हे पाहावे, असे एखाद्या आजोबांना वाटले तर त्यांना जुन्या विचारांचे म्हणता येणार नाही.

लंडनच्या उत्तरेस पॉटर्स बार येथे ओसवाल समाजाचे केंद्र आहे. तेथील शिखरबंध देरासराची प्रतिष्ठा 2005 साली झाली. हा समाज जामनगर परिसरातील हालार भागातला. विसाव्या शतकाच्या आरंभापासून दुष्काळाने आणि उपजीविकेच्या शोधाने ही माणसे केनियात गेली, दुकाने थाटली, आणि पुढे त्यांतील अनेक कुटुंबे ब्रिटनमध्ये स्थिरावली. आडवळणाच्या गावात दुकान टाकून पिढी उभी करणे म्हणजे काय, हे पेठेतील व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. त्या देरासराच्या पायऱ्यांवर त्याला आपल्याच पूर्वजांची आठवण होईल. लंडन शहरात ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम येथे जैन शिल्पे आहेत आणि दोन्ही ठिकाणच्या कायमस्वरूपी दालनांना प्रवेशमूल्य नाही.

लंडनहून समुद्राखालच्या बोगद्यातून जाणारी युरोस्टार गाडी सुमारे दोन तासांत ब्रुसेल्सला पोहोचते. तेथून अँटवर्प तासाभराच्या आतले. 1905 साली खुले झालेले अँटवर्पचे घुमटाचे रेल्वेस्थानक हेच एक प्रेक्षणीय स्थळ आहे, आणि त्याला लागूनच हिऱ्यांची पेठ आहे. पालनपूर परिसरातील जैन व्यापाऱ्यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात येथे जम बसवला. त्यांच्या समाजाने शहरालगतच्या विल्रिक येथे उभारलेले संगमरवरी देरासर भारतीय कारागिरीचे आहे. तेथे जाण्यापूर्वी दर्शनाच्या वेळा विचारून घ्याव्यात. उरलेल्या दिवसांत ब्रुग किंवा ब्रुसेल्स हे जाऊन-येऊन पाहता येते. एक दिवस मात्र पूर्ण मोकळा ठेवावा. आजीचे गुडघे दुखले, पाऊस लागला किंवा चौदस आली, तर तो दिवस उपयोगी पडतो. काहीच झाले नाही तर तो सर्वांत सुखाचा जातो.

मुक्काम कमी केल्याचा लाभ कागदपत्रांतही होतो. ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि शेंगेन देशांचा वेगळा. पासपोर्ट एका वेळी एकाच कार्यालयात असणार, म्हणून दोन्ही अर्ज एकामागून एक करावे लागतात. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, ब्रिटनचा तीन महिने आधीपासून. म्हणून शेंगेनचे काम संक्रांतीच्या सुमारास उरकून मग ब्रिटनचे हाती घ्यावे. ज्या देशात अधिक दिवस मुक्काम, त्याच देशाकडे शेंगेनचा अर्ज करावयाचा असतो. केवळ बेल्जियमला राहावयाचे असेल तर त्यात संदिग्धता राहत नाही. किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. दुकानदाराने आयकर विवरणपत्रे, जीएसटी नोंदणी आणि बँकेचे उतारे आधीच नीट लावून ठेवावेत.

श्रावकाच्या प्रवासात आणखी एक पंचांग असते, ते सूर्याचे. चौविहार पाळणाऱ्यांना युरोपचा मे महिना अनुकूल आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात लंडनला सूर्यास्त साडेआठनंतर होतो आणि अँटवर्पला नऊनंतर. दिवसभर हिंडून, खोलीवर येऊन, निवांत जेवून पच्चक्खाण घेता येते. हाच प्रवास डिसेंबरात केला, तर लंडनला चारच्या आत सूर्य मावळतो आणि सारा दिवस जेवणाच्या घाईत जातो. स्वस्त तिकिटाच्या मोहाने हिवाळा निवडणाऱ्यांनी एवढा विचार अवश्य करावा. विमानात जैन जेवण आधी नोंदवता येते, पण ते वाढण्याची वेळ आपल्या हाती नसते, म्हणून खाकरे आणि कुरमुरे हाताशी हवेत. पेढे, मावा, तूप मात्र सोबत नेऊ नये. भारतातून दूध आणि दुधाचे पदार्थ सामानात आणण्यास युरोपीय संघात मनाई आहे आणि ब्रिटनचे नियमही कडक आहेत. तेथे ‘व्हेगन’ लिहिलेल्या पदार्थात कांदा, लसूण, बटाटा असू शकतो, आणि ‘व्हेजिटेरियन’ म्हणून समोर येणारे चीज कोणत्या पद्धतीने बनले हे विचारावे लागते. त्यामुळे हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेली जागा घ्यावी. पाणी उकळता येते, मुगाची खिचडी होते, आणि आजीचा नेम मोडत नाही. रोज मुक्काम बदलणाऱ्याला ही सोय कशी लाभणार?

ही चिंता आजची नाही. 1893 साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी म्हणजेच आत्मारामजी महाराजांना आले. साधूच्या आचारात समुद्रप्रवास बसत नाही, म्हणून त्यांनी महुव्याच्या वीरचंद राघवजी गांधी या तरुण श्रावकाची तयारी करून घेतली आणि त्याला पाठवले. वीरचंदभाईंनी आपला आहारनियम सांभाळण्यासाठी स्वयंपाकी बरोबर नेला होता. परतल्यावर परदेशगमनाबद्दल त्यांना स्वसमाजातून विरोधही सहन करावा लागला. परंतु नियम आणि प्रवास एकत्र नांदू शकतात, हे त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी दाखवून दिले. त्यांच्या प्रवासाला एक निश्चित प्रयोजन होते, म्हणून काय सोबत न्यायचे आणि काय सोडायचे हे ठरवणे त्यांना शक्य झाले.

प्रयोजन ठरले की मर्यादा ठरते, आणि मर्यादेचा विचार जैन परंपरेत फार जुना आहे. श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे: कोणत्या दिशेला किती दूरपर्यंत जायचे याची आयुष्यभराची सीमा. देशावकाशिक व्रतात तीच सीमा ठराविक काळापुरती आणखी आवळली जाते. रोज चौदा नियम धारणाऱ्यांच्या नियमांत दिशा आणि वाहन ही दोन्ही असतात. ही व्रते सांगितली गेली तेव्हा श्रोत्यांत सार्थवाह होते, दूरदेशी बैलांचे तांडे नेणारे व्यापारी होते. त्यांना कोणी प्रवास सोडा असे म्हटले नाही. आधी सीमा आखा आणि मग पाऊल टाका, असे सांगितले. सीमेपलीकडचा लोभ सुटला की सीमेच्या आतले व्यवहार जयणेने करता येतात, हा त्यातला अर्थ. ज्यांनी दिग्व्रत घेतले आहे त्यांनी तिकीट काढण्यापूर्वी आपली धारणा तपासून घ्यावी. ज्यांनी घेतले नाही त्यांनाही ही रीत उपयोगी आहे.

गावे गोळा करणे हाही एक संग्रहच आहे. पाच देशांची छायाचित्रे मोबाइलमध्ये असतात आणि एकाही गल्लीचे नाव आठवत नाही, अशी अवस्था परिग्रहाहून फारशी वेगळी नाही. म्हणून घरातील सर्वांनी एका संध्याकाळी एकत्र बसून, स्थळांची नावे उच्चारण्यापूर्वी, तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात: दुकान किती दिवस बंद ठेवता येईल, घरातील सर्वांत वयस्क माणूस रोज किती चालू शकेल, आणि कोणाचे कोणते नियम मोडता कामा नयेत. या तीन ओळींत बसतील तेवढीच ठिकाणे पुढे लिहावीत. बाकीची खोडू नयेत, निराळ्या कागदावर उतरवून ठेवावीत. स्वित्झर्लंडचा बर्फ पुढच्या वेळेपर्यंत वितळून जाणार नाही.

ज्याचा मुक्काम सुटला त्याला मात्र विचारून सोडावा. कुटुंबाच्या प्रवासात वाद होतो तो स्थळावरून कमी आणि न विचारल्यावरून अधिक. धाकट्याला बर्फाऐवजी समुद्राखालून जाणारी गाडी मिळाली, सुनेला पॅरिसऐवजी ब्रुगचे कालवे आणि एक पूर्ण मोकळा दिवस मिळाला, आणि आजीला दोन देरासरांत घाई न करता माळ पूर्ण करता आली, तर त्या बारा दिवसांचा ताळेबंद जुळला असे म्हणावे. मृग लागण्याआधी पेठेतील दुकानाचे शटर पुन्हा उघडेल, पाड्यावरचे गिऱ्हाईक बियाणे आणि कागद मागायला येईल, आणि ‘शेठ, कुठे गेला होतात?’ असे विचारील. त्याला सांगण्याजोगी दोन गावे पाहिली असली की पुरे.