ओव्यांचा वेग
१९३५ साली गोपालस्वामींनी काढलेल्या नभोवाणी केंद्रास जेथे ‘आकाशवाणी’ हे नाव मिळाले, त्या म्हैसुरात बदलीवर असताना दिवंगत मातोश्रींच्या ओव्या आम्ही झिजत्या ध्वनिफितींवरून सीडीवर घेतल्या. (इंग्रज या क्रियेला ‘जाळणे’ म्हणतो, आम्हांस ‘कोरणे’ बरे वाटते.) ऐंशी मिनिटांची तबकडी ५२ पट वेगाने तीनेक मिनिटांत भरे. स्नेही म्हणत, जितके सावकाश तितके टिकाऊ. आम्हांस ते सर्वस्वी पटेना. लेझरचा किरण रंगद्रव्याच्या थरावर खुणा उमटवितो. शीघ्र लेखनासाठी घडविलेल्या थराला रेंगाळणारा किरण मानवतोच असे नाही. आम्ही १६ पट वेग धरला. पाच मिनिटे लागली. मग ती तबकडी मूळ ध्वनीशी ताडून पाहिली. ओवीमागची जात्याची घरघर स्वच्छ ऐकू आली, तेव्हा उरलेल्या फिती त्याच वेगाने उतरविल्या.